अठराच्या कपाटातल्या सतरा माशा

"मेल्यात."

"नाही मेल्या."

"मावशी, सतराच्या सतरा पाय वर करून पडल्यात!"

"माझा नवरा दर रविवारी दुपारी असाच पडतो. त्याचं नाव लिहू?"

"चेष्टा नको ना, प्लीज. ती वही द्या इकडे."

"वहीला हात लावायचा नाही. आणि आधी कपाटाचं दार लाव, सगळी गार हवा माझ्या पायावर येतेय."

"दार लावलं काय नि उघडं ठेवलं काय! आत आहे कोण आता? संपलं. एकशे एकाहत्तरावा दिवस, मृत्यू सतरा, शिल्लक शून्य. लिहा ना. तुमच्या अक्षरात किती छान दिसेल!"

"अक्षर छान आहे म्हणून वाट्टेल ते लिहीत नाही मी."

वाद सकाळी सव्वाआठचा. जागा म्हणजे एका मोठ्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची खोली. खिडकी नाही, तीन कपाटं, एक लांब टेबल, दोन स्टुलं आणि कायम आंबूस गोड वास. भांडणाऱ्या दोघींतली पेन कानावर अडकवलेली ती माझी सख्खी मावशी. संस्थेतले सगळेच तिला मावशी म्हणतात, पण पाठीमागे तिचं नाव मोजणीमावशी. हा सगळा प्रसंग नंतर तिनेच मला सांगितला, दोन्ही आवाज काढून, त्यामुळे समोरचीचा आवाज जरा जास्तच किनरा वाटला तर दोष मावशीचा.

समोरची म्हणजे घाई. तिचं खरं नाव खोलीच्या दारावर छापलेलं होतं, पण तिसऱ्याच दिवशी मावशीने तिचं नाव घाई ठेवलं. कारण सरळ होतं. प्रयोगातल्या माशा अजून कोषातून बाहेरही आल्या नव्हत्या, आणि या बाईंनी विचारलं होतं, "साधारण कधीपर्यंत मरतील सगळ्या?"

माशा म्हणजे घरातल्या भुणभुणणाऱ्या मोठ्या माशा नव्हेत. केळं जरा जास्त पिकलं की त्याच्याभोवती घिरट्या घालतात ना, तिळाएवढ्या, लाल डोळ्यांच्या, त्या. संस्थेत त्यांना काचेच्या नळ्यांत ठेवतात. तळाशी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून केलेली घट्ट लापशी, तोंडाला कापसाचं बूच. एका नळीत वीस माशा. दर तीन दिवसांनी नळीला टिचकी मारून सगळ्यांना खाली पाडायचं, नवी नळी वर उपडी धरायची, आणि जिवंत असतील त्यांना नव्या घरात झटकायचं. जुन्या घरात मागे राहील ती मेली. मागे किती राहिल्या ते मोजून वहीत लिहायचं. मधल्या दिवशी नळी न बदलता काचेतूनच जिवंत किती ते मोजायचं. एवढंच मावशीचं काम. सत्तावीस वर्षं.

घाईचा प्रयोग ऐकायला सोपा होता. एकाच दिवशी जन्मलेल्या बाराशे माशा घ्यायच्या. चारशे एकोणतीस अंशांच्या कपाटात, चारशे पंचवीसच्या, चारशे अठराच्या. खाणं तेच, नळ्या त्याच, उजेड तोच. फरक फक्त उबेचा. मग वाट बघायची.

एकोणतीसवाल्या दीड महिन्यात आटोपल्या. जन्मल्यापासून नुसती धावपळ: खाणं, उडणं, अंडी घालणं, पुन्हा खाणं. महिन्याभरात पंखांच्या कडा फाटल्या, नळीच्या भिंतीवर चढता चढता घसरायला लागल्या, आणि गेल्या. पंचवीसवाल्या तीन महिने टिकल्या. अठराच्या कपाटात मात्र कुणाला कसली घाई नव्हती. तिथे माशी एक पाऊल टाकायची, जरा विचार करायची, मग दुसरं टाकायची. चौथा महिना गेला, पाचवा गेला. घाई रोज सकाळी येऊन विचारायची, "किती?" मावशी सांगायची, "काल एकोणीस, आज एकोणीस." घाई कपाळावर हात मारायची.

तिच्या घाईलाही कारण होतं, ते सांगायला हवं, नाहीतर पोरगी उगाच वाईट वाटेल. तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. एक तारखेला अकरा दिवस उरले होते. आणि इकडे मोठे सर, ज्यांच्या सहीशिवाय तिला प्रबंध देता येत नव्हता, ते म्हणाले होते, "अठराच्या कपाटातली शेवटची माशी पडल्याशिवाय मी सही करणार नाही. अर्धवट आलेख मला दाखवू नका." म्हणजे एका हुशार, कष्टाळू, अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचं पुढचं आयुष्य सतरा म्हाताऱ्या माशांवर अडलं होतं, आणि माशांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

आणि त्या सकाळी तिने कपाट उघडलं, तर सतराही उताण्या.

"हे बघ," मावशी म्हणाली आणि त्या सतरा माशांच्या चारही नळ्या ट्रेमध्ये घेऊन टेबलावर ठेवल्या. "हात लाव नळीला. बर्फ झालीय नळी. कपाट रात्रीत भलतंच गार पडलंय. थंडी जास्त झाली की यांना गुंगी येते, मेल्यासारख्या पडतात. आता या खोलीच्या उबेत ठेवायच्या. ऊब लागल्यावर ज्या हलल्या नाहीत, त्यांचं बघू."

"किती वेळ?"

"तास. दोन तासही लागतात. रात्रभर गारठल्यात बिचाऱ्या."

"दोन तास! मावशी, त्या म्हाताऱ्या आहेत. म्हाताऱ्यांना थंडी सोसत नाही. गेल्यात त्या. मला दिसतंय."

"तुला अकरा दिवस दिसतायत. बस."

घाई स्टुलावर बसली. मावशी बसली दुसऱ्या स्टुलावर, भिंग हातात घेऊन. त्यांना बसू दे. तोवर मी मावशीबद्दल सांगते.

मावशी या खोलीत आली ती बाटल्या धुवायला. तेव्हा मोजणीला एक दादा होते, मोठे रुबाबदार, कामात तडफदार. एकदा रात्रभर वीज गेली, कडाक्याची थंडी होती, आणि सकाळी दादांनी बघितलं तर साठ नळ्यांतल्या माशा तळाशी पडलेल्या. दादांनी वहीत बाराशे मृत्यू एका झटक्यात लिहिले, नळ्या बादलीत रिकाम्या केल्या, वर झाकण ठेवलं आणि मोकळे झाले. दुपारी हवा तापली. तीन वाजता मावशीने बादली धुवायला झाकण काढलं, आणि दादांनी मेल्या म्हणून लिहिलेल्या बाराशेपैकी हजारभर शेजारी उभ्या दादांच्याच तोंडावर उडाल्या. दादा "अरे, अरे" करत खोलीभर टाळ्या वाजवत फिरत होते. तेवढ्यात सर आत आले, आणि त्यांना वाटलं दादा कसला तरी आनंद साजरा करतायत.

पुढच्या आठवड्यात दादा भांडारात गेले आणि वही मावशीकडे आली. तेव्हापासून तिचा नियम झाला: ऊब दिल्याशिवाय मृत्यू लिहायचा नाही. नियम तिने कुणाला विचारून केला नाही, आणि नंतर कुणाच्या बापासाठी मोडला नाही.

तिच्या वहीत तीन रकाने असतात. मेली, उडाली, अपघात. वयाने गेली ती 'मेली'. नळी बदलताना निसटली ती 'उडाली', म्हणजे पुढे तिचं काय झालं आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा खोटं बोलायचं नाही. आणि बुचाखाली चिरडली किंवा लापशीत अडकली ती 'अपघात'. तरुण मुलंमुली अपघाताचा रकाना बघून नाकं मुरडतात, कारण त्यात आकडा पडला की तो कुणाच्या तरी हाताचा असतो. मावशी तो हात कुणाचा तेही शेजारी लिहिते.

घरी मात्र हीच बाई माशी दिसली की वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन धावते. मी एकदा म्हटलं, "मावशी, दिवसभर त्यांची सेवा करतेस आणि इथे खून?"

"ती वहीत नाही," मावशी म्हणाली आणि फटका मारला.

सत्तावीस वर्षं तीन कपाटांत डोकं घालून घालून तिला माणसंही कपाटांप्रमाणेच दिसायला लागली. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, तिच्या मते शुद्ध एकोणतीस. "तुझी आई भाजी चिरता चिरता फोनवर बोलते, बोलता बोलता भांडते, आणि भांडता भांडता दूध उतू घालवून त्यावरून आणखी एकदा भांडते. हिच्या एका दिवसात माझे तीन दिवस बसतात." आई म्हणते, "आणि हिच्या एका दिवसात एक माशी मोजून होते."

काका, म्हणजे मावशीचा नवरा, मात्र अठरावाले. निर्विवाद. काकांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. बांधणी अशी, की पुस्तक फाटेल पण शिवण उसवणार नाही. फक्त ते पुस्तक परत मिळण्याची गडबड गिऱ्हाइकाला असता कामा नये. शाळेचं पाठ्यपुस्तक बांधायला दिलेली मुलं ते न्यायला येतात तेव्हा त्यांना मिशा फुटलेल्या असतात, असं मावशी म्हणते. काका शांतपणे ऐकतात, गोंदात कुंचला बुडवतात, पुसतात, पुन्हा बुडवतात आणि साधारण दहा मिनिटांनी म्हणतात, "मिशा नव्हत्या. नुसतं मिसरूड होतं."

मोजणीच्या सगळ्या वह्या काकांनीच बांधल्यात. मावशीच्या वह्या तेवढ्या वेळेवर मिळतात. का ते दोघंही सांगत नाहीत.

एकदा काकांनी मावशीच्या तोंडून ऐकलं, की एकोणतीसच्या माशीपेक्षा अठराची माशी जवळजवळ चौपट जगते.  आणि त्या हिवाळ्यात ते रात्री खिडकी उघडी टाकून, पांघरूण पायाशी सारून झोपायला लागले. चौथ्या रात्री शिंका, सहाव्या रात्री ताप. पुढचे तीन आठवडे ते लाल नाक घेऊन गादीवर, आणि मावशी त्यांच्या छातीला मलम चोळत म्हणतेय, "अहो, तुम्ही माशी आहात का? माशीला स्वतःची ऊब नसते. बाहेर अठरा असलं की आतही अठरा. आत सगळंच हळू चालतं, म्हणून दिवस लांबतात. तुमच्या आत शेगडी पेटलीय ना. बाहेर बर्फ पडला तरी ती सदतीसच राखणार, आणि त्यासाठी आणखी लाकडं जाळणार. आयुष्य वाढवायला निघालात, आणि घरातली मलमं संपवलीत!"

"आणि बेडूक?" काकांनी नाक पुसत विचारलं.

"बेडूक, मासा, गोगलगाय, सगळे बाहेरच्या हवेवर. तुम्ही नाही. झोपा."

मोठे सर म्हणतात, ते इतकं सोपं नाही. नुसतं सावकाश चालतं म्हणून जास्त चालतं, एवढंच असतं तर शोधायचं काय राहिलं? गारव्यात शरीर आपली डागडुजीही निराळी करतं की काय, तो प्रश्न आहे. मावशी मान डोलवते. तिचा प्रश्न वेगळाच आहे. ती म्हणते, अठरावाली जगते चौपट, पण अंडी घालते मोजून, उडते कधीतरी, दिवसभर भिंतीला टेकून बसते. एकोणतीसवाली सहा आठवड्यांत सगळं उरकते. मग जास्त कोण जगलं?

मी विचारलं, "मावशी, तू कितीची?"

"मला कुठलं कपाट? मी दारं उघडणारी आणि लावणारी."

एवढं होईस्तोवर खोलीतलं घड्याळ आठ पन्नासवर आलं होतं.

"पाय," मावशी म्हणाली.

"कुठे?"

"तिसरी नळी. भिंतीकडची. मागचा डावा."

"टेबल हललं असेल."

"टेबल तू हलवतेयस. गुडघा थांबव."

घाईने गुडघा थांबवला. दोघी नळीवर वाकल्या. तिळाएवढा जीव, त्याचा केसाएवढा पाय. पाय थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मग सहाही पाय एकदम हवेत सायकल चालवायला लागले. माशीने एक गिरकी घेतली, उलटी होती ती सुलटी झाली आणि झोकांड्या खात उभी राहिली.

"उठली," घाई म्हणाली. आवाज असा, जणू कुणी तिच्या पाठीवर पोतं ठेवलंय.

"उठली बाई. चहा देऊ का विचार."

"मावशी, तुम्हाला मजा वाटतेय."

"थोडी."

मग एकामागून एक. पहिल्या नळीत दोन, चौथीत एक, पुन्हा तिसरीत. प्रत्येक वेळी मावशी आकडा म्हणायची आणि घाई स्टुलावर थोडी थोडी खचायची. दहा वाजेपर्यंत चौदा माशा पायांवर होत्या. त्यातली एक तर पुढच्या पायांनी डोळे पुसत बसली होती, नुकतीच झोपेतून उठून तोंड धुतल्यासारखी. तीन मात्र हलल्या नाहीत. मावशीने आणखी एक तास दिला. अकरा वाजता नळीला टिचकी मारली, भिंगातून पाहिलं, वर बघून म्हणाली, "या तीन गेल्या."

"चला, तीन तर तीन." घाईने डोळे टिपले, मग स्वतःलाच हसली. "मावशी, माझी आजी ऐकेल तर काय म्हणेल? एवढी शिकली आणि माशी मेली नाही म्हणून रडतेय."

"आजीला सांगू नकोस. म्हाताऱ्या माणसांना असल्या गोष्टी आवडत नाहीत." मावशीने कानावरचं पेन काढलं. रकान्यावर नेलं, आणि थांबली.

"लिहा ना. मेली, तीन."

"कशाने मेल्या?"

"म्हणजे?"

"वयाने की गारठ्याने? वयाने गेल्या असतील तर 'मेली'. कपाटाने मारलं असेल तर 'अपघात'. तुझा प्रयोग अठरा अंशांचा. रात्री आत किती होते कुणास ठाऊक."

घाई उठली. रडू थांबलं की तिचं डोकं फार चांगलं चालायचं, हे मावशीही कबूल करते. ती कपाटाजवळ गेली. बाहेरच्या पट्टीवर लाल आकडा होता चोवीस. आत काचेचा जुना तापमापक टांगलेला, त्यावर दोन.

"गंमतच आहे," घाई म्हणाली. "कपाटाला वाटतंय आत चोवीस आहेत, म्हणून ते गार करत सुटलंय. रात्रभर. पण आत तर दोनच. मग हे चोवीस कुठलं मोजतंय?"

"यंत्र बिघडलं असेल."

"चोवीस तर या खोलीत आहेत." ती वाकली, कपाटाच्या बाजूने हात घातला, आणि काळी बारीक तार ओढून काढली. तारेच्या टोकाला पेन्सिलीच्या शिशाएवढी धातूची कांडी. कपाटाचं बोट ते. ते आत असतं, आतली ऊब चाचपत. आत्ता ते बाहेर होतं, बाजूच्या खिळ्यावर व्यवस्थित वेटोळं करून टांगलेलं.

"मावशी, काल कपाट कुणी पुसलं?"

 पुसलं कुणी, तर मावशीनेच. तळाशी पाणी साचलं होतं. नळ्या ट्रेमध्ये काढल्या, तार बाहेर घेऊन खिळ्याला लावली, फडकं फिरवलं, नळ्या परत ठेवल्या. तेवढ्यात फाटकावरच्या रखवालदाराचा फोन: "मावशी, तुमचे मालक आलेत." सत्तावीस वर्षांत काका तिला न्यायला ठरल्या वेळी कधी आले नव्हते. सहाची वेळ असली की सातला यायचे, तेही वाटेत कुणाशी तरी बोलत बोलत. आणि काल सहाच्या ठोक्याला दारात. मावशीला वाटलं, काही झालं की काय! कपाटाचं दार लोटलं आणि ती पळालीच. झालं काहीच नव्हतं. काकांना सहज वाटलं, म्हणून आले होते.

"अठरावाला एकदा वेळेवर आला," मावशी मला म्हणाली, "आणि मी एकोणतीसची झाले."

घाईच्या ते हळूहळू ध्यानात आलं. ती तार हातात धरून उभी होती.  तिने मावशीकडे बघितलं.

"माझ्या हातून राहिली," मावशी म्हणाली.

"अगबाई."

"हो."

"सरांना कळलं तर म्हणतील, अठराचं कपाट बाद. पुन्हा करा. बाराशे माशा, पहिल्यापासून." घाईने बोटं मोजली नाहीत, तिला हिशेब पाठ होता. "सहा महिने. माझी नोकरी गेली."

खोलीत पंचवीसच्या कपाटाचा पंखा घरघरत होता. घाईने पुढे होऊन खोलीचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, मी काही बघितलं नाही. तार आत होती. कपाट अठरावर होतं. सतरा माशा म्हाताऱ्या झाल्या होत्या, रात्रीत गेल्या. तुमच्या वहीवर डाग नाही, मी एक तारखेला तिकडे. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि या चौदा?"

"फ्रीजर आहे ना भांडारात. त्यांना कळणारही नाही. नाहीतरी किती दिवस राहिले होते त्यांचे?"

"हेच तर मोजत होतो आपण, बाई."

"तुम्ही ना!" घाईला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही. "मला गुन्हेगारासारखं बघू नका. तार मी नाही काढली."

"नाही काढलीस. म्हणून तर तोंड वर करून बोलता येत नाहीये मला." मावशी स्टुलावर बसली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "तिकडे काय मोजायला घेतायत तुला?"

"उंदीर."

"त्यांना बूच लावता येत नाही. जपून."

मग तिने वही पुढे ओढली. कालच्या तारखेची ओळ होती: संध्याकाळ, सहाला दहा कमी, अठराचं कपाट, सतरा जिवंत. त्या ओळीखाली तिने पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. रेघेखाली लिहिलं: रात्री तार बाहेर राहिली. आत दोन अंश. तीन अपघात. हात माझा. आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच, एकही वेलांटी वाकडी नाही.

"झालं," घाई म्हणाली. "संपले मी."

"नीट बघ. काल संध्याकाळपर्यंतचं सगळं खरं आहे. एकशे सत्तर दिवस, रोज मी मोजलंय. त्या दिवशी चारशेतल्या सतरा जिवंत होत्या, हे कुणाच्या तारेने बदलत नाही. उडालेल्या माशीचं करतो ना आपण? इथवर होती, पुढचं ठाऊक नाही. तसंच या सतरांचं. रेघेपर्यंतचं तुझं. रेघेखालचं माझं."

घाईने ओठ चावत ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिलाही माहीत होतं की असं करता येतं. पुस्तकांत दिलेलं असतं. लोक करतात.

"सर नाही ऐकणार," ती म्हणाली. "शेवटची माशी, शेवटची माशी. चार महिने तेच ऐकतेय मी. मला नाही धीर होत त्यांना सांगायचा."

"तू कशाला सांगतेस? मी जाते."

"तुम्ही? तार राहिली हेही सांगणार?"

"वहीत लिहिलंय. वही दाखवायची म्हणजे तेही दिसणारच."

"ते चिडतील. तुम्हाला माहीतये ते चिडले की कसे बोलतात."

"दादांना काय बोलले होते ते मी ऐकलंय. बादली माझ्याच हातात होती."

घाई हसली, डोळे पुसले, आणि हातातली तार कपाटाच्या आत सोडून दार घट्ट लावलं. मग कपाटाला पाठ टेकून उभी राहिली. आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. लहान मुलगी परीक्षेच्या निकालाआधी विचारते ना, तसा होता.

"आणि सर नाही म्हणाले तर?"

मावशी ट्रेमधल्या चार नळ्या सरळ करत होती.

"मावशी, पुन्हा पहिल्यापासून करा म्हणाले तर? मी काय करू?"

मावशीने पेन कानावर खोचलं. वही काखेत मारली, चौदा माशांचा ट्रे दोन्ही हातांत उचलला, आणि खांद्याने दार लोटून सरांच्या खोलीकडे निघाली.